मिठाचा आयन, मिठाचा कर आणि सिद्धगडचा परिसर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगत उभा असलेला सिद्धगड महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने एका तारखेमुळे ओळखला जातो. २ जानेवारी १९४३ रोजी या गडाच्या जंगलात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विद्युतवाहिन्यांचे मनोरे पाडून ब्रिटिश सत्तेला आव्हान दिले होते. त्यापूर्वी बारा वर्षे, १९३० मध्ये, याच कोकणच्या किनाऱ्यावर मिठाच्या प्रश्नावरून लढा झाला होता. पहिल्या लढ्याचा विषय मीठ होता, दुसऱ्याचे लक्ष्य वीज होते.

मीठ व वीज या दोन्ही वस्तूंचे स्वरूप विज्ञानाला उमगले ते जवळजवळ त्याच शतकात, ज्या शतकात त्यांवरील राज्यसत्तेचा ताबा दृढ होत गेला. अणू इलेक्ट्रॉन गमावतो किंवा मिळवतो आणि त्यातून विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, तयार होतो, या एका सिद्धान्ताने मिठाचे रहस्य उलगडले. परंतु आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात या दोन गोष्टींची भेट क्वचितच होते. रसायनशास्त्राच्या वर्गात सोडियमने इलेक्ट्रॉन दिला व क्लोरीनने तो घेतला, एवढे सांगून धडा संपतो. इतिहासाच्या वर्गात दांडी येथे मूठभर मीठ उचलले गेले, एवढे सांगून प्रकरण संपते. दोन्ही वर्गांतील मीठ एकच आहे, ही जाणीव विद्यार्थ्याला कोणीच करून देत नाही. प्रस्तुत निबंधात सिद्धगडच्या परिसराला मध्यवर्ती ठेवून हे दोन प्रवाह एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) आयन या संकल्पनेच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) मुंबई इलाख्यातील मीठकराच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३) मिठाच्या रासायनिक स्वरूपाचा त्याच्या व्यापाराशी, करआकारणीशी व सत्याग्रहाशी असलेला संबंध तपासणे.
४) सिद्धगडसारख्या डोंगरी प्रदेशाच्या दृष्टीने १९३० व १९४२ च्या लढ्यांचा अर्थ लावणे.

सिद्धगड : भूगोल आणि मिठाची वाट

सिद्धगडाच्या पायथ्याशी नारिवली, बोरवाडी ही गावे असून गडाच्या माचीवर सिद्धगडवाडीची वस्ती आहे. उत्तरेस गोरखगड व मच्छिंद्रगड, तर पूर्वेस घाटमाथ्यावर अहुपे आणि भीमाशंकरचे अरण्य आहे. हा सर्व प्रदेश दख्खनच्या काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. पावसाचे पाणी या खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्प प्रमाणात सोडियम विरघळवून नेते. परंतु येथे कोठेही खाणीतून काढण्याजोगे मीठ साचलेले नाही. खडकातून सुटलेले आयन काळू व उल्हास यांच्या खोऱ्यांतून खाडीकडे वाहून जातात. सह्याद्रीच्या पायथ्याचा रहिवासी समुद्रापासून फार दूर नसला, तरी मिठाच्या बाबतीत तो पूर्णतः किनाऱ्यावर अवलंबून असतो.

हे अवलंबित्व अतिशय प्राचीन आहे. कल्याण बंदरातून निघालेला व्यापारी मार्ग मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जात असे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेणे व नागनिका राणीचा शिलालेख या मार्गाच्या महत्त्वाची साक्ष देतात. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या वसुलीसाठी होता, अशी लोकसमजूत आहे. माळशेज, नाणेघाट, अहुपे यांसारख्या वाटांनी कोकणातील मीठ व सुकी मासळी घाटावर चढत असे आणि घाटावरील धान्य खाली उतरत असे. ही वाहतूक प्रामुख्याने वंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून होई. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौषात भरणारी यात्रा आजही बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे; बैल हे या प्रदेशाच्या दळणवळणाचे मुख्य साधन होते याची ती एक खूणच होय.

मिठाची वाहतूक कोरड्या ऋतूत उरकावी लागे. शुद्ध मीठ हवेतील ओलावा फारसा शोषून घेत नाही. परंतु आगरातील मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहतो व तो दमट हवेत पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पावसाळ्यात मीठ पाझरू लागते. कोकणात आगोटीची बेगमी करताना मिठाला अग्रस्थान असे, त्याचे कारण येथे सापडते. चार महिने डोंगरवाटा बंद असताना घरात मीठ नसणे म्हणजे उपासमारीच्या खालोखालचे संकट होते.

मिठाचे राजकीय महत्त्व मराठी राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. १६७१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पाठविलेल्या पत्रात पोर्तुगीज अमलाखालील बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली आहे. बाहेरचे मीठ स्वस्त पडले तर संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, असा त्यामागील विचार होता. येथे जकातीचा हेतू स्थानिक उत्पादकाचे रक्षण हा होता. एकोणिसाव्या शतकात मात्र या हेतूचे स्वरूप पूर्णपणे पालटले.

मिठागरातील प्रक्रिया

भाईंदर, वसई, मुलुंड, भांडुप, वडाळा, उरण, पेण या पट्ट्यात खाडीकाठी शेकडो वर्षे मिठागरे चालत आली. ‘आगर’ या शब्दावरूनच आगरी समाजाचे नाव रूढ झाले असे मानले जाते. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, ते क्रमाने उथळ वाफ्यांत सोडावयाचे आणि सूर्य व वारा यांच्याकडून आटवून घ्यावयाचे, ही पद्धत दिसावयास साधी आहे. परंतु तिच्यात रसायनशास्त्राचे सूक्ष्म व्यावहारिक ज्ञान दडलेले आहे.

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे १९.४ ग्रॅम क्लोराइडचे आयन, १०.८ ग्रॅम सोडियमचे आयन, २.७ ग्रॅम सल्फेटचे आणि १.३ ग्रॅम मॅग्नेशियमचे आयन असतात. पाणी आटू लागले की प्रथम चुना व नंतर जिप्सम खाली बसते, त्यानंतर मीठ दाणे धरते आणि शेवटी मॅग्नेशियमयुक्त कडवट पाणी उरते. हे कडू पाणी वेळेवर काढून टाकले नाही, तर मीठ कडवट होते व लवकर पाझरते. आगरी कामगाराला मॅग्नेशियम हे नाव ठाऊक नव्हते. पण पाणी कोणत्या क्षणी काढावयाचे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

आयन संकल्पनेचा उदय : १८०७ ते १८८७

मीठ हे कशाचे बनले आहे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनुत्तरित होता. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विद्युतप्रवाह नेऊन सोडियम हा धातू प्रथमच वेगळा केला. पाण्याचा स्पर्श होताच तीव्र अभिक्रिया करणारा हा मऊ धातू मिठातही आहे, हे त्या काळी आश्चर्यकारक होते. १८१० मध्ये त्यांनीच क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले. एक दाहक धातू आणि एक विषारी वायू यांच्या संयोगातून रोजच्या जेवणातील मीठ कसे बनते, हे कोडे मात्र कायम राहिले.

डेव्ही यांचे साहाय्यक म्हणून कारकीर्द सुरू केलेल्या मायकेल फॅरडे यांनी विद्युत-विच्छेदनाचे नियम मांडले आणि १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल यांच्याशी विचारविनिमय करून नवी परिभाषा रूढ केली. द्रावणातून विद्युताग्रांकडे जाणाऱ्या घटकाला त्यांनी ‘आयन’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. मराठी परिभाषेने हा शब्द ‘आयन’ याच रूपात स्वीकारला. संस्कृतातील गतिवाचक ‘अयन’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य असल्याने तो मराठीत परका वाटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांवर मराठीत ग्रंथरचना करून अशा परिभाषेसाठी भूमी तयार केली होती, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

फॅरडे यांच्या दृष्टीने आयन प्रवाहामुळे निर्माण होत. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधातून व १८८७ च्या परिपूर्ण सिद्धान्तातून निराळा विचार मांडला. मीठ पाण्यात विरघळताच, विद्युतप्रवाह नसतानाही, त्याचे आयन सुटे होतात, असे त्यांनी प्रतिपादले. मिठाच्या विरल द्रावणाचा गोठणबिंदू अपेक्षेपेक्षा जवळजवळ दुपटीने खाली जातो, कारण एका घटकाऐवजी तेथे दोन कण असतात, हा पुरावा त्यास पोषक ठरला. त्यांच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठात हलकी श्रेणी मिळाली. त्याच कार्यासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

इलेक्ट्रॉनची देवघेव : १८९७ ते १९२७

आयनावरील विद्युतभार येतो कोठून, याचे उत्तर देण्यास इलेक्ट्रॉनचा शोध आवश्यक होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी तो लावला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या केंद्रकाची आणि १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनांच्या कक्षांची कल्पना मांडली. या पायावर १९१६ मध्ये जर्मनीत वाल्टर कोसेल व अमेरिकेत गिल्बर्ट ल्युइस यांनी स्वतंत्रपणे रासायनिक बंधाचा इलेक्ट्रॉनीय विचार पुढे आणला.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ अशा रचनेत असतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन गेला की केंद्रकातील ११ धनभारांपुढे १० इलेक्ट्रॉन उरतात आणि एक धनभार असलेला सोडियम आयन तयार होतो. क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे असतात. एक इलेक्ट्रॉन मिळताच त्याची रचना २, ८, ८ होते व एक ऋणभार असलेला क्लोराइड आयन बनतो. अणूचे केंद्रक या देवघेवीत बदलत नाही. म्हणून सोडियम हा सोडियमच राहतो, पण त्याचे गुणधर्म पूर्णपणे पालटतात. पाण्यात भडकणारा धातू आणि रक्तात वाहणारा आयन यांच्यात केवळ एका इलेक्ट्रॉनचे अंतर आहे.

अध्यापनात येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. सोडियम आपला इलेक्ट्रॉन ‘आनंदाने’ देतो, असे सांगितले जाते. वस्तुतः सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा करण्यास प्रतिमोल सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. क्लोरीनने तो स्वीकारल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळतात. म्हणजे केवळ दोन सुट्या अणूंमधील देवघेवीचा हिशेब प्रतिमोल सुमारे १४७ किलोज्यूलच्या तोट्यात जातो. ही तूट भरून निघते ती असंख्य धन व ऋण आयन एकमेकांना आकर्षून स्फटिकात बद्ध होतात तेव्हा. त्या वेळी प्रतिमोल सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मॅक्स बॉर्न व फ्रित्स हाबर यांनी १९१९ मध्ये या हिशेबाची सुसंगत मांडणी केली. मिठाचे स्थैर्य एकट्या अणूच्या वृत्तीत नसून संपूर्ण स्फटिकाच्या बांधणीत आहे.

ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने हीच बांधणी उघड केली होती. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रचना होती. तिच्यात मिठाचा स्वतंत्र ‘रेणू’ कोठेच दाखविता येत नव्हता. हे सर्वांना रुचले नाही. ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बुद्धिबळाच्या पटासारख्या या रचनेची उपहासगर्भ निर्भर्त्सना केली. दांडीयात्रेच्या केवळ तीन वर्षे आधी मीठ म्हणजे काय, यावर विज्ञानविश्वात असा वाद चालू होता, ही बाब लक्षणीय आहे.

मीठकराची वाटचाल : १८३७ ते १९२४

फॅरडे यांनी ‘आयन’ हा शब्द रूढ केल्यानंतर तीनच वर्षांनी, १८३७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबई इलाख्यात तयार होणाऱ्या मिठावर दर मणाला आठ आणे उत्पादनशुल्क बसविले. अंतर्गत वाहतुकीवरील जकाती रद्द केल्याने होणारी तूट भरून काढणे, हे त्याचे कारण होते. १८४४ मध्ये हा दर एक रुपया करण्यात आला, तेव्हा सुरतेत मोठा उद्रेक झाला व सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पुढील काळात दर चढतच गेला. १८६९ मध्ये तो एक रुपया तेरा आणे, १८७८ मध्ये दोन रुपये आठ आणे, १८८२ मध्ये दोन रुपये आणि १८८८ मध्ये पुन्हा दोन रुपये आठ आणे झाला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याविना मीठ तयार करणे आणि नैसर्गिकरीत्या साचलेले मीठ गोळा करणे, हे गुन्हे म्हणून अधिक काटेकोरपणे बांधले गेले.

दर मणाला अडीच रुपये म्हणजे दर शेराला एक आणा. शेतमजुराच्या रोजच्या मिळकतीशी ताडून पाहता ही रक्कम किरकोळ नव्हती. कोकणात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात मीठकर कमी करण्याची मागणी केली. कर वाढला की गरिबांचा मिठाचा वापर घटतो व कर उतरला की तो वाढतो, हे दाखवून या वस्तूवरील कर आरोग्यावरच आघात करतो, अशी त्यांची भूमिका होती. १९०३ मध्ये दर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. १९१६ मध्ये तो सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो दुप्पट, म्हणजे अडीच रुपये, केला. १९२४ मध्ये तो पुन्हा सव्वा रुपयावर आला. १९३० च्या लढ्याच्या वेळी हाच दर होता.

मीठच का? : रसायन आणि राजस्व यांचा संबंध

सरकारने करासाठी मीठ निवडले, त्यामागे त्याचे आयनिक स्वरूप प्रत्यक्ष विचारात घेतले गेले नसले, तरी परिणामतः तेच कारणीभूत ठरले, असे म्हणता येईल. त्याची तीन अंगे आहेत.

पहिले अंग शरीराच्या गरजेचे आहे. रक्तद्रवात सोडियमच्या आयनांचे प्रमाण लिटरला सुमारे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. मज्जातंतूंतील संदेशवहन सोडियम व पोटॅशियम यांच्या आयनांच्या हालचालीवर चालते. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेले पेशीतील विकर, प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेते. शरीर सोडियम निर्माण करू शकत नाही. नाचणी, वरी, भात व रानभाज्या यांवर जगणाऱ्या आणि उन्हात घाम गाळणाऱ्या डोंगरी माणसाच्या आहारात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम अल्प असते. अशा माणसाला वरून मीठ घेण्यावाचून पर्याय नसतो. आणि पर्याय नसलेली वस्तू ही करवसुलीला सर्वांत सोयीची असते.

दुसरे अंग टिकाऊपणाचे आहे. धान्याला कीड लागते, तेल खवट होते. मिठाला यांपैकी काहीच होत नाही. इलेक्ट्रॉन दिलेला सोडियम व घेतलेला क्लोरीन हे दोन्ही स्थिर असून स्फटिकाची बांधणी सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वितळत नाही. म्हणून मीठ सरकारी कोठारात साठविता येते, मापता येते, दूर नेता येते.

तिसरे अंग मात्र सत्तेला गैरसोयीचे आहे. समुद्राच्या प्रत्येक ओंजळीत हे आयन आहेत. ते वेगळे करण्यास सूर्याखेरीज कशाचीही गरज नाही. किनाऱ्यावरील खळग्यात मीठ आपोआप साचते. त्यामुळे हा कर टिकविण्यासाठी सरकारला कारखान्यावर नव्हे, तर निसर्गावरच पहारा बसवावा लागला. गरिबाने समुद्राने टाकलेले मीठ उचलले तर तो गुन्हेगार ठरत असे. या कायद्याचा नैतिक दुबळेपणा येथे होता आणि महात्मा गांधींनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

१९३० : किनारा आणि डोंगर

६ एप्रिल १९३० रोजी दांडी येथे कायदेभंग झाला आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याचे पडसाद तत्काळ उमटले. विलेपार्ले येथे सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. मे महिन्यात शिरोडा येथे सत्याग्रह झाला. मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो स्त्री-पुरुष चालून गेले आणि लाठीमाराला सामोरे गेले.

परंतु सिद्धगड, शहापूर, जुन्नर, अकोले अशा डोंगरी प्रदेशात समुद्र नव्हता आणि काळ्या कातळात मीठ नव्हते. तेथे कायदा मोडावयाचा तर कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर जंगल सत्याग्रहात सापडले. बागलाण, संगमनेर, बिळाशी येथे आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल कायद्याचा भंग झाला. चिरनेरला गोळीबारात सत्याग्रहींना प्राण गमवावे लागले. किनाऱ्यावर मीठ आणि डोंगरात गवत व लाकूड, असा हा लढ्याचा नकाशा बऱ्याच अंशी भूरसायनाच्या नकाशाशी जुळतो. खडकातून सुटलेले आयन जेथे जाऊन साचले तेथे मिठाचा लढा झाला. जेथून ते वाहून गेले तेथे तो जंगलाचा झाला.

डोंगरातील माणसाच्या दृष्टीने मीठकर हा कर म्हणून दिसतच नसे. तो दुकानदाराच्या भावात मिसळून येई. लोहमार्गाने १८५४ मध्ये कल्याण गाठले, १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट ओलांडला. त्यानंतर नाणेघाटासारख्या जुन्या वाटांवरील तांड्यांची वाहतूक ओसरली आणि मिठाचा व्यापार स्थानकाजवळच्या पेढ्यांकडे गेला. १९३८ च्या सुमारास डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी तयार केलेल्या अहवालात आदिवासींची कर्जबाजारी अवस्था, सावकारांवरील अवलंबित्व व वेठ यांचे विदारक चित्र आढळते. धान्य स्वतः पिकविणाऱ्या कुटुंबालाही जी मोजकी वस्तू रोखीने वा धान्य मोजून घ्यावी लागे, तीत मीठ होते. सावकाराच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्या वाटांपैकी ती एक वाट होती.

१९४२-४३ : वीज आणि सिद्धगड

माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेल्या भाई कोतवाल यांनी वकिलीचे शिक्षण घेतल्यावर शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या व शाळा सुरू केल्या, त्या याच अवलंबित्वावर उपाय म्हणून. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते भूमिगत झाले आणि आझाद दस्त्याने विजेचे मनोरे लक्ष्य केले. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्या व कारखान्यांना वीज जात होती. पाणी सह्याद्रीचे, तारा कोकणातील शेतांवरून गेलेल्या आणि प्रकाश मुंबईत, अशी ती व्यवस्था होती. महायुद्धाच्या काळात हा पुरवठा खंडित करणे म्हणजे युद्धोत्पादनावर आघात करणे होते.

या तारांचे रसायनही आयनांपासून दूर नाही. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांच्या तारेत प्रत्येक अणूने आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक केलेले असतात. धन आयनांच्या जाळीतून हे मुक्त इलेक्ट्रॉन सरकतात, म्हणून वीज वाहते. मिठात सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन क्लोरीनपाशी बांधला जातो, म्हणून कोरडे मीठ वीज वाहू देत नाही. मनोऱ्यावरील चिनी मातीच्या विद्युतरोधकांतही इलेक्ट्रॉन असेच बद्ध असतात. मनोरा कोसळून तार जमिनीला टेकली की प्रवाह ओल्या मातीत शिरतो, आणि मातीत तो वाहतो तो विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमार्फत. ज्या भूमीतून मीठ मिळत नव्हते, त्याच भूमीतील तुटपुंजे आयन अशा वेळी मुंबईकडे जाणारी वीज पोटात घेत.

सरकारने दस्त्याचा पाठलाग केला. १९४२ च्या अखेरीस दस्त्याचे सदस्य सिद्धगडच्या जंगलात आश्रयास होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले आणि कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. कोतवाल त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. प्रतिवर्षी २ जानेवारीस तेथील स्मारकापाशी त्यांना अभिवादन केले जाते. मीठकर रद्द झाला तो त्यानंतर चार वर्षांनी, १९४७ च्या एप्रिलपासून.

निष्कर्ष

१) आयनाची संकल्पना १८३४ ते १९१९ या काळात टप्प्याटप्प्याने विकसित झाली. याच काळात मुंबई इलाख्यातील मीठकराची यंत्रणाही उभी राहिली व दृढ झाली. हे दोन प्रवाह परस्परांचे कारण नव्हते; परंतु एकाच वस्तूविषयी असल्याने ते एकत्र अभ्यासण्याजोगे आहेत.

२) सोडियमच्या आयनाला शरीरात पर्याय नाही, मीठ नाशवंत नाही आणि समुद्रात ते सर्वत्र आहे. पहिल्या दोन गुणांनी मीठ करवसुलीस सोयीचे केले. तिसऱ्याने तो कर अन्याय्य व मोडण्यास सोपा ठरविला.

३) १९३० च्या लढ्याचे किनारी व डोंगरी असे दोन भाग पडले, त्यास संघटनात्मक कारणांबरोबरच प्रदेशाची भूरासायनिक रचनाही कारणीभूत होती.

४) सिद्धगडच्या परिसराने मीठ, जंगल व वीज या तिन्हींबाबत एकच अनुभव घेतला. एक तर गरजेची वस्तू बाहेरून दाम मोजून आणावी लागली, नाही तर घरची वस्तू डोळ्यांदेखत बाहेर गेली. कोतवाल यांच्या धान्यकोठ्या आणि त्यांनी पाडलेले मनोरे, ही या एकाच अनुभवाला दिलेली दोन उत्तरे होत.

५) महाविद्यालयीन स्तरावर विज्ञान व इतिहास यांच्या अध्यापकांनी स्थानिक विषय एकत्रितपणे हाताळल्यास दोन्ही विषयांना लाभ होईल. सिद्धगडच्या स्मारकाला भेट देणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिदोरीतील चिमूटभर मीठ हे त्यासाठी पुरेसे साधन आहे. त्या चिमटीत असलेल्या प्रत्येक सोडियम आयनाने एक इलेक्ट्रॉन गमावलेला आहे; आणि तीच चिमूट करमुक्त होऊन त्याच्यापर्यंत यावी म्हणून किती जणांनी काय गमावले, हेही त्याला त्याच तासाला सांगता येईल.